सुरीच्या म्यानासाठी चामडं कुठलं: सालीत कमावलेलं की क्रोमचं?

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. म्यानाला हेच घ्यावं, ३ ते ३.५ मिमी जाडीचं. कारण ते ओलं असताना आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, सुरीला प्लास्टिक गुंडाळून आत घाला, मुठीभोवती बोटांनी दाबा, सावलीत दिवसभर वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर आकसून कडक होतं, तडकतं. प्लास्टिक विसरलात तर टॅनिनमुळे, म्हणजे सालीतून चामड्यात उतरलेल्या तुरट द्रव्यामुळे, पात्यावर निळे-काळे डाग.

क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं स्वस्त, मऊ, पाण्याला जास्त टिकणारं. पण आकार धरत नाही, सुरी सैल राहते, टोक बाहेर येऊ शकतं. शिवाय त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. म्यान कमरपट्ट्यात अडकवायच्या फासाला चालेल, बाकी बॅगाच शिवाव्यात.

चामडं कुठलंही असो, धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची पट्टी घालून मगच टाके घाला. नाहीतर धार पहिल्यांदा दोराच कापते. आणि कितीही चांगलं म्यान असलं तरी सुरी महिनोन्महिने त्यात ठेवू नये. चामडं ओल ओढतं.