फायनल फॅन्टसी ७ रीबर्थ: ११ महिने उशिरा, पण पीसीवर

प्लेस्टेशन ५ वर २९ फेब्रुवारी २०२४ ला आलेला हा गेम पीसीवर २३ जानेवारी २०२५ ला उतरला. त्यातले पहिले किमान तीन महिने सोनीशी झालेल्या कराराचे: तेवढा काळ गेम फक्त प्लेस्टेशन ५ वर. घ्यायच्या आधी ग्राफिक्स कार्ड बघा. किमान आरटीएक्स २०६० लागतं. जुन्या जीटीएक्स १०६० वर मेश शेडर (दृश्यातले आकार बनवायची कार्डातली नवी सोय) नाही, म्हणून सेटिंग कितीही उतरवली तरी उपयोग नाही. रॅम १६ जीबी, आणि एसएसडीवर १५५ जीबी मोकळी जागा.

आर्वी-दर्यापूरकडच्या गावात २० एमबीपीएसची लाइन म्हणजे डाउनलोडला पूर्ण वेगानंही १७ तास. लाइट गेली तरी स्टीम (पीसीवर गेम घ्यायचं आणि उतरवायचं दुकान-अ‍ॅप) तिथूनच पुढे चालू करतं, पण राउटर इन्व्हर्टरवर असू द्या. पीएस५ वाल्यांचं बरं: दोन डिस्क, आधी डेटाची, मग खेळायची. नेटवर भार कमी.

गेम अव्वल आहे; मोकळा फिरायचा भाग तर भन्नाटच. प्रश्न सोनीबरोबरच्या सौद्याचा. असल्या करारात बनवणाऱ्याला आगाऊ आधार मिळतो, जाहिरातीला हातभार लागतो, सुरुवातीला एकाच मशीनवर तपासणी करावी लागते. पण पीसीवर येईस्तोवर चर्चा थंड झालेली असते. इथं तर आगाऊ बुकिंगलाच ३० टक्के सूट द्यावी लागली. मे २०२४ मध्ये हा गेम बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्सनं गेम एकाच मशीनपुरते न ठेवता अनेक प्लॅटफॉर्मवर आणायचं धोरण जाहीर केलं, ते उगाच नाही. लहान स्टुडिओला मात्र असा सौदा अजूनही परवडतो. हातात आलेल्या पैशावर पगार निघतात.