लोड ॲव्हरेज बघायचा की पीएसआय?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर ४ कोरचा लिनक्स सर्व्हर आहे. ऐन सौद्याच्या वेळी बिलं निघेनात म्हणून मला बोलावलं. अपटाइम कमांडमधले लोड ॲव्हरेजचे, म्हणजे चालू नि खोळंबलेल्या कामांच्या सरासरी संख्येचे आकडे : ३१, २७, १४. दिवाणजी म्हणाले, "प्रोसेसर बदलायचा का हो?" पण टॉप कमांडमध्ये प्रोसेसर जेमतेम ६ टक्के राबत होता!

लोड ॲव्हरेजची गोम हीच. लिनक्समध्ये त्यात प्रोसेसरच्या रांगेतल्या प्रोसेस तर येतातच, शिवाय डिस्कची वाट बघत 'डी' अवस्थेत अडकलेल्याही येतात. १, ५ आणि १५ मिनिटांच्या आकड्यांवरून लोड चढतोय की उतरतोय ते समजतं. दुखणं कुठलं, ते नाही.

पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन, म्हणजे कामं कशापायी किती वेळ खोळंबली त्याचा हिशेब) लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीस आलं. त्यात सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्क वगैरेंवरची वाच-लिही) यांच्या वेगळ्या फाइल. आयओच्या 'सम' (some) ओळीत १० सेकंदांचा आकडा होता ९१. म्हणजे तेवढे टक्के वेळ निदान एक तरी काम डिस्कपायी खोळंबलेलं. सीपीयूचा आकडा २ च्याही आत. डीमेसग, म्हणजे कर्नलच्या नोंदी उघडल्या, तर डिस्कच्या रीड एररची रांगच. प्रोसेसरचा खर्च वाचला, डिस्कचा पडला.

माझा कौल पीएसआयला. मात्र काही डिस्ट्रोंत (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांत) ते बंद असतं, बूटवेळी 'पीएसआय=१' द्यावं लागतं. जुन्या कर्नलवर किंवा फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते नाहीच. तिथे आपला लोड ॲव्हरेज, आणि जोडीला व्हीएमस्टॅट कमांड.