रक्ताच्या गुठळीवर गोळी: जुनी की नवी?

‘रक्त पातळ करायची गोळी’ असं आपण म्हणतो खरं, पण तिने रक्त पातळ होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो, एवढंच. डॉक्टरांनी जुनी आणि नवी असे दोन पर्याय ठेवले की घरात पहिला प्रश्न किमतीचा निघतो. तो जरा मागे ठेवा.

आधी हृदयाची झडप. धातूची झडप बसवलेली असेल, किंवा लहानपणीच्या संधिज्वराने मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर निवड उरतच नाही: जुनीच गोळी. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवी गोळी देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. गरोदर बाईला नव्या गोळ्या देत नाहीत, जुन्याही शक्यतो टाळतात. तिथे पोटावर टोचायचं हेपॅरिन.

जुनी म्हणजे वॉरफरिन (१९५० च्या दशकात माणसांना द्यायला लागले, त्याआधी उंदरांना घालायचे!) किंवा आपल्याकडे बऱ्याचदा लिहून मिळणारी असिनोकुमारॉल. गोळी स्वस्त, पण मागे आयएनआरचं लचांड, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी पुन्हा पुन्हा. बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये हवा, काही झडपांना थोडा वर. मेथी-पालक सोडायची गरज नाही. पण ही भाजी एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं केलं की आकडा हलतो. अँटिबायोटिकनेही हलतो. दुखण्यावरची गोळी मेडिकलमधून परस्पर आणणं तर नकोच, आणि हे नव्या गोळ्यांनाही लागू.

नव्या म्हणजे डॅबिगॅट्रान, अपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन. त्यांना आयएनआर नाही, पालेभाजीचा हिशेब नाही, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही कमी. पण मूत्रपिंड बघावं लागतं. डॅबिगॅट्रान सुमारे ८० टक्के लघवीवाटे जातं, अपिक्सॅबॅन सुमारे २७. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मी डॉक्टरांना अपिक्सॅबॅनबद्दलच आधी विचारेन. डॅबिगॅट्रानने पोटात जळजळतं, शिवाय कॅप्सूल फोडून घेता येत नाही. रिव्हरॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच. एकादशीला उपाशीपोटी घेतली तर ती नीट अंगी लागत नाही.

आता किंमत. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरले. जुनीच्या खर्चात लॅबची फी, रिक्षा आणि मुलाची अर्धी रजा धरलीत का?

विसरभोळ्या माणसाचं मात्र अवघड. नवीचा असर साधारण दिवसभरात ओसरतो, आणि डोस चुकला हे कुठल्या नेहमीच्या तपासणीत कळतही नाही. अपिक्सॅबॅन दिवसातून दोनदा लागते. संध्याकाळची गोळी हमखास राहत असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा.