जिओहॉटस्टार: षटकाच्या फटीतून कमावणारं ॲप आणि फुटबॉलवालं कोल्हापूर

कोल्हापुरात स्पोर्ट्स ॲपची खरी परीक्षा फुटबॉलवर होते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे इथले संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या होतात, आणि हीच मंडळी शनिवारी रात्री इंग्लंडची प्रीमियर लीग लावून बसतात. त्यांच्या बाजूने बघितलं तर जिओहॉटस्टार घ्यावं का, कुठला प्लॅन घ्यावा आणि ते कुठे टोचतं, हे पुढे लिहिलं आहे. पण आधी कंपनीचा हिशेब, कारण ॲप असं का वागतं ते त्यातूनच कळतं.

२०२२ च्या लिलावात आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतातले डिजिटल हक्क रिलायन्सच्या वायकॉम१८ ने २०,५०० कोटींना घेतले. मॅच धरल्या होत्या ४१०, म्हणजे एका मॅचला ५० कोटी. टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना स्टारकडे गेले. दोन हंगाम वायकॉम१८ च्या जिओसिनेमा ॲपवर आयपीएल फुकट दाखवलं गेलं. मग दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं आणि फुकटचा दरवाजा मिटत गेला. सुरुवातीचा सर्वांत स्वस्त प्लॅन मोबाईलचा, तीन महिन्यांना १४९ रुपये. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की उरतात १२६. आयपीएलच्या ७४ मॅचना ते वाटले तर मॅचमागे एक रुपया सत्तर पैसे. मॅचचे ५० कोटी नुसत्या वर्गणीतून काढायचे तर २९ कोटी लोकांनी पैसे भरायला हवेत, आणि हा फक्त हक्कांचा खर्च झाला. वर्गणी म्हणजे प्रवेशाची पावती. दुकान जाहिरातीवर चालतं.

जाहिरात कुठे बसते? टी-ट्वेंटीच्या एका डावात षटकांच्या मधल्या १९ फटी, म्हणजे दोन डावांत ३८. आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचे चार टाइमआऊट, म्हणजे सरळ दहा मिनिटं. शिवाय विकेट पडली की एक, डाव संपला की मोठी सुट्टी. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं चेंडू फिरत राहतो, फट नाही. मध्यंतराची १५ मिनिटं मिळतात, तेव्हा बघणारा चहाला उठलेला असतो. म्हणून क्रिकेट स्वस्तात किंवा रिचार्जसोबत देणं परवडतं, फुटबॉलचा तसा हिशेब जमत नाही. मार्च २०२५ मध्ये जिओने २९९ आणि त्यावरच्या रिचार्जवर ९० दिवस हॉटस्टार दिलं, तेही आयपीएलच्या तोंडावर. फुटबॉलवाल्याच्या वाट्याला आलेली गैरसोय कुणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही, ती या फटींच्या हिशेबातून आली आहे. तरी ती गैरसोयच आहे, आणि या शहराने ती मुकाट सोसू नये.

दुसरा खर्च पोहोचवण्याचा. डिशवर एक घर वाढलं तर वाहिनीला जास्त काही लागत नाही. इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा डेटा जातो आणि त्याचं बिल कंपनीला येतं. म्हणून मोबाईल प्लॅन ७२० पीवर थांबवला आहे, एकाच मोबाईलवर. सुपरमध्ये दोन डिव्हाइस आणि १०८० पी, टीव्हीसह. दर होता तीन महिन्यांना २९९, वर्षाला ८९९. प्रीमियममध्ये चार डिव्हाइस आणि ४के. तीन महिन्यांना ४९९, वर्षाला १,४९९. हे सुरुवातीचे दर आहेत, घेताना ॲपमधला आकडा बघून घ्या. एक गोष्ट नीट वाचा: प्रीमियम जाहिरातमुक्त म्हणतात ते सिनेमा-मालिकांपुरतं. लाईव्ह मॅचमधल्या जाहिराती प्रीमियमलाही दिसतात. खेळासाठीच घेणार असाल आणि घरात ४के टीव्ही नसेल तर प्रीमियमचे जादा पैसे वाया जातात.

घ्यायचं कसं? फक्त आयपीएल बघणाऱ्याने पहिल्या मॅचच्या दिवशी तीन महिन्यांचा मोबाईल प्लॅन घ्यावा. हंगाम सव्वादोन महिन्यांचा असतो, त्यात बसतो. आठवडाभर आधी घेऊन काही मिळत नाही. प्रीमियर लीग मात्र ऑगस्ट ते मे चालते. तीन-तीन महिन्यांनी चार वेळा सुपर घेतलं तर वरच्या दराने १,१९६ होतात, वार्षिक ८९९. तेव्हा फुटबॉलवाल्याने वर्षाचाच घ्यावा, पण ऑगस्टमध्ये. जानेवारीत घेतला तर पुढचा हंगाम अर्ध्यात तुटतो.

डेटाचं गणितही करून ठेवा. ७२० पीला साधारण २ एमबीपीएस धरले तर तासाला ९०० एमबी जातात. मध्यंतर आणि जादा वेळ धरून फुटबॉलची मॅच दोन तासांची, म्हणजे १.८ जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास संपतो, नेमका जीव मुठीत धरायच्या वेळी. पावसाळ्यात लाईट गेली की फायबरचा राऊटर बंद पडतो आणि सगळे मोबाईलवर येतात, तेव्हा हे हटकून होतं. राऊटरला छोटा यूपीएस लावा, किंवा मॅच सुरू होतानाच क्वालिटी एक पायरी खाली करा.

उशिराचा प्रश्न पेठेत सगळ्यांना माहीत आहे: समोरच्या घरातून आरडाओरडा होतो, कोपऱ्यावर माळ लागते, आणि आपल्या स्क्रीनवर अजून कॉर्नर घेणाराच चेंडू ठेवतोय. चित्र तुकड्यांत कापून पाठवतात, तुकडा सहसा काही सेकंदांचा असतो आणि प्लेअर असे दोन-तीन साठवूनच दाखवायला लागतो. त्यात एन्कोडिंग आणि सर्व्हरचा वेळ मिळवला की अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. डिश यापेक्षा पुढे असते. ॲप बंद-चालू केल्याने साठलेला उशीर कमी होतो, पूर्ण जात नाही. लाईव्हचं बटण दाबत राहा आणि मित्रांचा ग्रुप म्यूट ठेवा.

तालमीत प्रोजेक्टर लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोबाईल प्लॅन मोठ्या पडद्यासाठी नाही, सुपर तरी लागतो. आणि जुन्या प्रोजेक्टरला एचडीसीपी (कॉपी रोखणारी सोय) नसेल तर केबल जोडून आवाज येतो, चित्र काळं राहतं. केबल बदलून उपयोग नाही, प्रोजेक्टरच बदलावा लागतो. वर्गणी घरगुती वापरापुरती असते, त्यामुळे तिकीट लावून दाखवायचा विचार करू नका. चित्र चांगल्या नेटवरही धूसर दिसत असेल तर फोनचं वाइडवाइन (कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाची पातळी) बघा: एल३ असेल तर वरची क्वालिटी उघडत नाही, एल१ लागतं.

ऑटोपे स्वतः बंद करा. ॲप काढून टाकल्याने मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, जात नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडा, यादीतून सेवा निवडा, मॅन्डेट रद्द करा, पिन टाका. पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, ती बँकेच्या जाहिरातींच्या ढिगात हरवू देऊ नका. घेतलेला प्लॅन त्याच्या मुदतीपर्यंत चालतो.

सगळ्यात मोठी खंत: एका वर्गणीत फुटबॉल पुरं होत नाही. प्रीमियर लीग इथे, चॅम्पियन्स लीग सोनीलिव्हवर, ला लिगा फॅनकोडवर. फॅनकोडची पद्धत वेगळी आहे: एका मॅचचा किंवा एका स्पर्धेचा पास घेता येतो, आणि फुटबॉलवाल्याला तीच जास्त सोयीची. पण फॅनकोडची मालक कंपनी ड्रीम स्पोर्ट्स, म्हणजे ड्रीम इलेव्हनवाली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद झाले, आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. ड्रीम इलेव्हनसारख्या फॅन्टसी कंपन्या क्रिकेटच्या मोठ्या जाहिरातदार होत्या, म्हणजे हा फटका हॉटस्टारच्या षटकांच्या फटींनाही बसतो. त्यामुळे वर्गणी स्वस्त होण्याची आशा धरू नका.

शाहू स्टेडियमवरच्या मॅच मात्र या कुठल्याच हिशेबात नाहीत. त्या दाखवायच्या तर यूट्यूब, आणि तिथे जाहिरातीची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. दाखवणाऱ्यांना एक सूचना: ७२० पीला ४ एमबीपीएस अपलोड सतत हवा, आणि भरलेल्या स्टेडियममध्ये मोबाईल नेटवर्क नेमकं तिथेच गुदमरतं. शेजारच्या इमारतीतून फायबरची वायर आणा, नाहीतर वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम एकत्र चालवा, आणि पहिल्या शिट्टीच्या तासभर आधी, गर्दी भरत असताना, चाचणी घ्या. रिकाम्या मैदानावर घेतलेली चाचणी खोटी ठरते.