रेडिओलॉजी की भूलशास्त्र : एमडीची शाखा निवडताना

नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेनंतरच्या समुपदेशनात, म्हणजे जागावाटपात, रेडिओलॉजीच्या जागा अगदी आधी भरतात आणि भूलशास्त्राच्या बऱ्याच नंतरपर्यंत शिल्लक असतात. त्यामुळे ज्याचा क्रमांक दोन्हीकडे पोहोचतो, त्याला भूलशास्त्राचा विचार करण्याचेच कारण दिसत नाही. माझा क्रमांक तसा होता आणि मी भूलशास्त्र घेतले, तेव्हा हा आढावा थोडा त्या बाजूला झुकलेला असेल, हे वाचकाने धरून चालावे.

निदानाचा बौद्धिक आनंद रेडिओलॉजीइतका क्वचितच कुठे मिळतो, हे मान्य करायला हवे. अपरात्रीचे सीटी आता घरी बसून वाचता येतात आणि नातेवाइकांशी फारसा सामना होत नाही. स्वतःचे केंद्र काढायचे तर यंत्रासाठी मोठे कर्ज लागते, पण ते फिटते, असे माझ्या वर्गमित्रांकडे पाहून वाटते.

माझा निर्णय मात्र एफ फॉर्मने केला, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे भरायच्या नोंदपत्राने. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्रित सेवेत एका उपजिल्हा रुग्णालयाच्या सोनोग्राफी कक्षात बसण्याचा योग आला. प्रत्येक गर्भवतीमागे तिचा पत्ता, हयात अपत्यांची संख्या, त्यांचे लिंग व वय, कोणी पाठवले, तपासणीचे कारण, तिचे आणि डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र, हे सारे भरताना तेथील डॉक्टरांचा जितका वेळ जाई, तितका प्रत्यक्ष तपासणीत जात नसावा. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल पाठवायचा आणि कागद किमान दोन वर्षे जपायचे. तपासणी पथक येणार असल्याची नुसती कुणकुण लागली, तरी तो अनुभवी माणूस जुने गठ्ठे काढून एखादी सही राहिली आहे का, हे पाहत बसे.

हा कायदा अनावश्यक आहे, असे मी म्हणणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. अडचण वेगळी आहे. नोंदीतील त्रुटीला निव्वळ कारकुनी चूक समजावे, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. म्हणजे लिंग कधीही न सांगणाऱ्या डॉक्टरवरही अपुऱ्या फॉर्मसाठी फौजदारी खटला होऊ शकतो, आणि आरोप निश्चित झाले की निकालापर्यंत वैद्यकीय नोंदणी निलंबित होण्याची तरतूद आहे. ही टांगती तलवार घेऊन तीस वर्षे काम करण्याचा माझा स्वभाव नव्हता.

भूलशास्त्रातही उणिवा आहेत, आणि त्या रोजच्या आहेत. तालुक्याच्या गावी फिरती प्रॅक्टिस करताना सिझेरियनचा फोन रात्री कधीही येतो, मानधन बहुधा सर्जनच्या हातून आणि त्याच्या सवडीने मिळते, आणि रुग्णाला आपले नावही ठाऊक नसते. जोखीमही कमी नाही: अवघड श्वासमार्गाचा रुग्ण समोर असताना विचार करायला मिनिटेच असतात. पण हे ओझे रुग्णाच्या शरीराचे असते, आणि त्यासाठीच आपण शिकलेलो असतो. टेबलावर रक्तदाब पडला तर काय करायचे ते मला ठाऊक असते. शिवाय पुढे डीएम ही एमडीनंतरची पदवी घेऊन अतिदक्षता किंवा हृदयभूलशास्त्राकडे, नाहीतर वेदनाचिकित्सेकडे वळता येते. २०२० मध्ये कोविडचे अतिदक्षता विभाग सांभाळण्यात भूलतज्ज्ञांचा वाटा किती मोठा होता, हे निवासी डॉक्टरांना सांगायला नको.

मोठ्या रुग्णालयात केवळ सीटी-एमआरआय वाचण्याची नोकरी करायची असेल, तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो, आणि शांत खोलीत एकट्याने विचार करणे ज्याला मनापासून आवडते, त्याने रेडिओलॉजीच घ्यावी. ज्याला जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी स्वतःचे सोनोग्राफी केंद्र काढायचे आहे, त्याने मात्र पसंतीक्रम भरण्यापूर्वी अशा एखाद्या केंद्रात काही दिवस बसावे, आणि यंत्राच्या पडद्याइतकेच बाजूच्या टेबलावरील रजिस्टरकडेही लक्ष द्यावे.