८ जीबी रॅम + १ टीबी एसएसडी की १६ जीबी रॅम + ५१२ जीबी एसएसडी? लॅपटॉप घेताना नेमकं काय बघायचं

लॅपटॉप शोधता शोधता शेवटी बऱ्याच जणांची गाडी दोन मॉडेलवर येऊन अडते. प्रोसेसर तोच, स्क्रीन तीच, किंमत जवळपास सारखी, फक्त एकात ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि १ टीबी एसएसडी (फाइली कायम साठवायची जागा), आणि दुसऱ्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. पहिला लगेच डोळ्यात भरतो कारण १ टीबी हा आकडाच कसा दणदणीत वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, दुसरा घ्या. एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येतोच.

कारण साधं आहे. जागा कमी पडली तर नंतर वाढवता येते, रॅमचं तसं नाही. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये (खाचेत) एका स्क्रूवर बसलेली असते, ती काढून मोठी टाकता येते, आणि तेही नको असेल तर यूएसबीला एक्स्टर्नल एसएसडी लावा, १० गीगाबिटचा पोर्ट असेल तर सेकंदाला साधारण १००० एमबीपर्यंत स्पीड मिळतो, फोटो-व्हिडिओ ठेवायला चिक्कार झालं. रॅम मात्र बाहेरून लावता येत नाही, आणि आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये तर ती मदरबोर्डवर सोल्डरच केलेली असते, म्हणजे घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

आता ८ जीबीत होतं काय ते बघा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, ती कागदावर. प्रत्यक्षात मशीन सुरू होऊन नुसतं बसलं तरी विंडोज, अँटीव्हायरस आणि मागे चालणारी चिल्लर सॉफ्टवेअर मिळून ३-४ जीबी खाऊन बसतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इंटिग्रेटेड ग्राफिक्सही आपला वाटा याच रॅममधून घेतं, मग वर ब्राउझरचे वीसेक टॅब, एक व्हिडिओ कॉल, एखादी जड एक्सेल शीट... रात्र थोडी सोंगं फार. मग विंडोज रॅममधला काही माल एसएसडीवर टाकायला लागतं. लोक म्हणतात एसएसडी फास्ट आहे की, काय फरक पडतो. पडतो. दोन चॅनलची (दोन वाटांनी एकाच वेळी डेटा देणारी) डीडीआर५-५६०० प्रकारची रॅम सेकंदाला जास्तीत जास्त ८९ जीबीच्या आसपास डेटा देऊ शकते, चांगली जेन ४ (चौथ्या पिढीची) एसएसडी ७ जीबी. आणि खरा घोळ स्पीडचा नाहीच, उशिराचा आहे: रॅमला उत्तर द्यायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला पन्नास-शंभर मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद), म्हणजे शेकडो पट जास्त. टॅब बदलल्यावर लॅपटॉप क्षणभर दगड होतो ना, तो हाच प्रकार.

कंपन्यांनीही हेच ओळखलंय. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीची (एआयसाठीच्या लॅपटॉपना दिलेलं नाव) अट बघा, रॅम किमान १६ जीबी, पण स्टोरेज किमान २५६ जीबीच. कशावर तडजोड चालते आणि कशावर नाही हे त्यातच दिसतं.

आता १ टीबीवाल्यांची बाजू. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते. यात कुणी फसवलेलं नाही, कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज, अपडेट, ऑफिस वगैरे धरून पन्नास-साठ जीबी सहज जातात. शिवाय एसएसडी अगदी गच्च भरायची नसते, विशेषतः स्वस्तातली क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) असेल तर, भरत आली की लिहिण्याचा स्पीड धाडकन खाली येतो. म्हणजे हातात आली साडेतीनशेच्या आसपास. ऑफिसचं काम, कॉलेज, कोडिंग, सिनेमे-फोटो एवढ्याला पुरतात. व्हिडिओ एडिटिंग करणारे, कॅमेऱ्याच्या रॉ फाइल साठवणारे, गेम खेळणारे (काही गेम एकटेच १०० जीबीच्या वर जातात) यांना नाही पुरणार. पण गंमत अशी की नेमक्या याच लोकांना ८ जीबी रॅम अजिबात चालत नाही! म्हणजे त्यांना १६ + १ टीबीच लागतं, आणि ते बजेटमध्ये बसत नसेल तर १६ + ५१२ घेऊन नंतर एसएसडी वाढवायची.

मग ८ + १ टीबी कुणी घ्यावा? हा तो अपवाद: ज्या मॉडेलमध्ये रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे. तिथे पहिला खुशाल घ्या आणि नंतर ८ ची एक स्टिक टाका, १६ जीबीही होते आणि ड्युअल चॅनलही होतं, ज्याचा इंटिग्रेटेड ग्राफिक्सला चांगलाच फायदा मिळतो. फक्त खात्री केल्याशिवाय नाही. स्पेक शीटवर एलपीडीडीआर५ किंवा ५एक्स लिहिलं असेल तर जवळजवळ नक्की सोल्डर केलेली, सोडिम (काढता-घालता येणारी स्टिक) लिहिलं असेल तर स्लॉट. काहींमध्ये अर्धी सोल्डर आणि एक स्लॉट असतो. डेमो पीस हाताशी असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, आणि फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' आलं तर विषय संपला. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही हेही लक्षात ठेवा, आणि मागचं झाकण उघडल्यावर वॉरंटीचं काय ते आधीच विचारा.

मॅकमध्ये हा प्रश्नच नाही, मॅकबुकमध्ये रॅम घेतानाच ठरते आणि स्टोरेजही धरून चाला की बदलणार नाही, तिथेही पैसे आधी मेमरीवर. मात्र २५६ जीबीवर जाताना जरा थांबा, २०२२ च्या एम२ एअरमध्ये २५६ ला एकच स्टोरेज चिप होती आणि वाचण्याचा स्पीड आधीच्या एम१ पेक्षा कमी भरला होता.

३२ जीबी? व्हर्च्युअल मशीन, डॉकर, लॅपटॉपवरच एआय मॉडेल चालवणं, असलं काही असेल तरच. जेन ३ की जेन ४ यावर डोकं खपवू नका, रोजच्या वापरात फरक कळतसुद्धा नाही. पण स्टोरेजपुढे ईएमएमसी दिसलं तर ते मॉडेल सोडा, ती स्लो असते आणि बोर्डवरच चिकटवलेली असते.

आणि ५१२ घेऊन पुढे एसएसडी बदलणार असाल तर स्लॉटची लांबी बघून ठेवा, २२८० (म्हणजे ८० मिलिमीटर लांब) सगळीकडे बसत नाही, काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० (४२ किंवा ३० मिलिमीटर) च लागते. विंडोज ११ मध्ये बरेचदा एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) आपोआप चालू असतं, त्यामुळे जुनी एसएसडी काढायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, रिकव्हरी की काढून दुसरीकडे लिहून ठेवा.