चिकन आतून शिजले का हे सांगणारा थर्मामीटर: एक अभिप्राय

मांसात दांडी खुपसून आतले तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मी गेले काही महिने वापरत आहे. अनेकांना ही चैन वाटेल, पण चिकनवरचे जिवाणू कसे टिकतात हे पाहिले, तर तो गरजेचा वाटू लागतो.

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कोंबडीच्या आतड्यात तिला फारसा त्रास न देता राहतात आणि कापताना, साफ करताना मांसावर उतरतात. पोटातले आम्ल त्यांचा निकाल लावील, या भरवशाला फारसा अर्थ नाही, कारण जेवणाने जठरातली आम्लता काही काळ उतरते, अन्नातली चरबी व प्रथिने जिवाणूंना आडोसा देतात, आणि सौम्य आम्लाचा आधी सराव झालेला साल्मोनेला पुढच्या तीव्र आम्लातही तग धरतो. कॅम्पिलोबॅक्टर आम्लापुढे त्या मानाने नाजूक आहे, पण त्याचे काहीशे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात. पुढे आतड्यात पित्ताशी गाठ पडते, तेव्हा त्याच्या आवरणातला सीएमईएबीसी नावाचा पंप पित्तक्षार, म्हणजे पित्तातले जिवाणूंना मारक घटक, बाहेर फेकतो. खरी गोम अशी की हाच पंप प्रतिजैविकेही बाहेर टाकतो. जोडीला त्याच्या एका जनुकातला एकच बदल सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करू शकतो. त्याच गटातल्या एन्रोफ्लॉक्सासिनचा कोंबड्यांसाठीचा वापर अमेरिकेने २००५ मध्ये बंद केला, तो याच काळजीपोटी.

औषधाला दाद न देणारा हा जिवाणू उष्णतेपुढे मात्र इतरांसारखाच मरतो. मांसाचा सर्वांत जाड भाग ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की काम झाले, आणि हे नुसत्या रंगावरून कळत नाही. एकदा मांडीच्या तुकड्यातून वाहणारा रस अगदी स्वच्छ होता आणि आकडाही ७८ आला होता; पण टोक हाडाला टेकले आहे असे वाटल्याने दांडी किंचित मागे घेऊन शेजारच्या मांसात टोचली, तर आकडा ६९ वर आला.

उपकरण अचूक आहे. बर्फ घातलेल्या पाण्यात ते शून्याच्या आसपास राहते आणि आकडाही चटकन स्थिरावतो. तक्रार आहे ती घडणीबद्दल. दांडी जिथे मुठीला मिळते, तिथल्या बारीक खाचेत मांसाचा रस अडकतो, आणि उपकरण जलरोधक नसल्याने ती खाच नळाखाली धुता येत नाही. आकडा कमी आला, तर दांडी साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा टोचू नये, एवढी साधी सूचनासुद्धा माहितीपत्रकात नाही; मांसाच्या प्रकारांची चित्रे तेवढी भरपूर आहेत. कच्च्या मांसाला लागलेल्या सुरीमुळे किंवा पाटामुळे होणाऱ्या संसर्गावर अर्थातच याचा काही उपयोग नाही.

अखंड कोंबडी किंवा जाड तुकडे शिजवणाऱ्यांनी असा थर्मामीटर जरूर घ्यावा, पण धुता येईल असाच निवडावा. पातळ तुकड्यांत टोक मधोमध बसत नाही, तिथे बाजूने आडवे टोचून पाहावे लागते.